खैरूनचा पिऱ्या

बैलगाडी वेशीपाशी आली तेव्हा बा खाली उतरला आणि जुवाच्या दोऱ्या उगाच ओढून पाहू लागला. दोऱ्या चांगल्या घट्ट होत्या. त्याला मागे वळून बघायचं होतं आणि त्यासाठी निमित्त पाहिजे होतं. गाडीत ज्वारीचं पोतं, दोन वाकळा, पितळेचा हंडा आणि जात्याचा वरचा दगड. खालचा दगड जागचा हलेना म्हणून मायनं वरचा तेवढा घेतला होता. अर्ध्या जात्याचं ती काय करणार, हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती. पोत्याला टेकून माझा धाकटा भाऊ ग्यानबा, त्याच्या शेजारी मी, आणि मागे पाय सोडून माय.

आमचं घर वेशीला लागूनच. शेजारच्या ओट्यावर खैरूनखाला उभी होती. तिच्या कडेवर आमचा सगळ्यांत धाकटा, पिराजी. कडेवर बसायचं त्याचं वय सरलं होतं, पाय तिच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते. तो रडत नव्हता. उलट भलताच खूश होता, कारण ग्यानबाचा भोवरा घाईघाईत घरातच राहिला होता आणि तो त्याच्या हाती लागला होता. "ग्यान्या, भवरा माजाच आता! लय लांब जा, लवकर येऊ नगंस!" असं तो ओरडला. ग्यानबा गाडीतून उडी मारायलाच निघाला, मायनं त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवला, आणि आम्ही सगळे हसलो. बासुद्धा हसला. आमचं गाव आम्ही हसत सोडलं.

विजय, तू परवा व्हिडिओ कॉलवर म्हणालास, "आत्या, आता हैदराबादलाच या राहायला. मोठा फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, पोरांना खैरूनच्या पिऱ्याच्या गोष्टी सांगा." तुझ्या पाठीमागे तुझी दोन्ही पोरं "पोळ्याचा बैल! पोळ्याचा बैल!" करत सोफ्यावर उड्या मारत होती. मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला. रेंज चांगली होती. या गोष्टी तुम्हा भावंडांना तुमच्या आजीनं सांगितल्या, मी त्या तशाच पुढे सांगत आले, आणि पिऱ्या म्हणजे शेजारच्या पिंजाऱ्याचा वांड पोरगा असं समजून तुम्ही हसत आलात. तो शेजारचा नव्हता. तो तुमचा सख्खा चुलता, तुझ्या बापाच्या पाठचा. तुझ्या बापानं हे तुम्हाला सांगितलं नाही, कारण त्यानं आजीला तसा शब्द दिला होता. आता ती दोघंही नाहीत, आणि मी काही शब्दबिब्द दिला नव्हता.

ग्यानबानंतर मायला दोन मुलगे झाले आणि दोन्ही पाळण्यातच गेले. पुढच्या खेपेला पिराजी झाला तेव्हा ती भीतीनं रडली. अशा लेकराला विकायची आमच्याकडे तेव्हा रीत होती. पाचव्या रात्री सटवाई येते आणि लेकराच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. त्याआधीच लेकरू दुसऱ्या बाईच्या पदरात घातलं की सटवाई फसते. पाच वर्षं पुरी होईपर्यंत लेकरू त्या बाईचं. मग सूपभर ज्वारी आणि चोळीचा खण देऊन आईनं ते परत घ्यायचं. त्याआधी घेतलं तर सटवाईला पत्ता लागतो आणि सगळं मुसळ केरात. मायनं बाईसुद्धा विचार करून निवडली. खैरूनखाला ही मदारभाई पिंजाऱ्याची बायको, तिला मूलबाळ नव्हतं. गावातल्या बाया कुजबुजल्या, पण मायचं म्हणणं सरळ होतं: "जिथं पाळनाच न्हाई तिथं सटवाई कशाला डोकावंल? आन् तिच्या घरात आपल्या सटवाईचं काय काम?"

तिसऱ्या दिवशी सुईणीनं पिराजीला सुपात घालून मधल्या भिंतीवरून पलीकडे दिला. खैरूनखालानं मूठभर कोंडा देऊन त्याला घेतलं, पीराचं नाव ठेवलं, आणि घटकाभरानं दारानं येऊन मायच्या मांडीवर आणून टाकला. "पोरगं माजं हाय. तुज्याकडं सांबाळाया ठिवायलेय," असं तिनं ठणकावून सांगितलं. बा सांगायचा, ते ऐकून बाळंतीण माय खुदकन हसली, दोन लेकरं गेल्यापासून पहिल्यांदाच.

तेव्हापासून मायला त्याला 'माझा' म्हणायची बंदी. तिनं ती बंदी अशी पाळली की आम्हाला हसू यायचं. त्याला न्हाऊ घालताना म्हणायची, "कुनाचं गं बाई हे घानेरडं पोरगं? खैरूनला काही लाज हाय का न्हाई?" आणि त्याच वेळी त्याच्या कानामागचा मळ इतक्या जपून काढायची की आमच्या वाट्याला तसा हात कधी आला नाही. तो खिदळायचा. मग मुद्दाम विचारायचा, "खरं सांग, म्या कुनाचा?" माय म्हणायची, "खैरूनचा." "आन् ग्यान्या?" "त्यो माजा." यावर पिराजी ग्यानबाकडे असा बघायचा की जसं ग्यानबाचंच काही कमी पडलं आहे. झोपेत तरी त्याला 'माझा' म्हणत असेल म्हणून मी पाळत ठेवून पाहिलं होतं. नाही म्हणायची. सटवाई झोपत नसते म्हणे.

त्या कारट्याला ही दोन घरांची मजा फार लवकर उमगली. सकाळी आमच्याकडे तूप लावून भाकर खायची आणि मग आपली जर्मनची ताटली घेऊन शेजारी जायचं. खैरूनखाला विचारायची, "क्यों रे, माय ने कुछ दिया नै क्या?" हा तोंडाला तूप तसंच असताना मान हलवायचा. तिला तूप दिसत नव्हतं असं थोडंच आहे! ती ओढणीनं त्याचं तोंड पुसायची आणि ताटली भरायची. मायनं चापट मारायला हात उगारला की हा चार पावलं मागे सरकून, कमरेवर हात ठेवून सांगायचा, "म्या तुमचा न्हाईच. तुमी मला मारू शकत न्हाईत. खालाला इचारा आदी." उगारलेला हात तसाच हवेत राहायचा आणि मायला हसू फुटायचं. मी मात्र रोजच्या चापट्या खात मोठी झाले, म्हणून मला त्याचा तेव्हा फार राग यायचा.

एकदा राणीसावरगावचा आमचा मामा आला. त्यानं कौतुकानं पिराजीला मांडीवर घेतलं, गालगुच्चा घेतला आणि म्हणाला, "माजा भाचा लय गोड हाय." पिराजी गंभीरपणे मांडीवरून उतरला. "म्या तुमचा भाचा न्हाई," तो म्हणाला, "माज्या खालाला भाऊच न्हाई." मामाच्या तोंडातलं पान धोतरावर सांडलं. मामा हसून हसून लोटपोट झाला, आणि पुढे जन्मभर ती गोष्ट चारचौघांत सांगत राहिला. आमच्याकडे यायचं मात्र त्यानं नंतर सोडलं, ते का, ते पुढे येईलच.

मदारभाई ओसरीत कापूस पिंजायचा. त्याच्या पिंजणाचा तुंय्-तुंय् आवाज आमच्या घरात दिवसभर घुमायचा आणि कापसाचे तंतू आमच्या वरणातसुद्धा सापडायचे. एकदा दुपारी पिराजी कुठेच दिसेना. विहिरीपर्यंत बघून झालं. मायचा चेहरा पांढराफटक पडला. एवढ्यात मदारभाईच्या ओसरीतला पिंजलेल्या कापसाचा ढीग शिंकला. ढिगातून भुवया, केस, मिशीची जागा सगळं पांढरं झालेला पिराजी बाहेर आला आणि आपला अवतार बघून म्हणाला, "म्या आजा झालो." मग संध्याकाळपर्यंत काठी टेकत, खोकत गावभर हिंडला. दारादारांतून त्याला लोक रामराम घालत होते आणि हा हात वर करून आशीर्वाद देत होता.

पोळ्याची गोष्ट तर तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. खैरूनखालाकडे बैल नाहीत याचं पिराजीला फार वाईट वाटायचं. म्हणून त्या वर्षी तो स्वतःच तिचा बैल झाला. ग्यानबानं त्याला कडब्याच्या ताटांची शिंगं बांधली, खालाची ओढणी झूल म्हणून पाठीवर टाकली, गळ्यात दोरी घातली आणि वेशीतून खऱ्या बैलांच्या मागून मिरवत आणला. खैरूनखालानं ओट्यावर उभं राहून त्याला पुरणपोळी भरवली. ती मायनंच तिच्याकडे लावून दिली होती. पण गंमत पुढे आहे. हा झोपेपर्यंत बोललाच नाही. काही विचारलं की नुसता हंबरायचा. बानं दटावलं तेव्हा ग्यानबा म्हणाला, "बा, बैल कवा बोलतो का?" झोपताना मायनं शिंगं सोडायला घेतली तर हा इतका ओरडला की शिंगांसकट झोपवावा लागला.

अशी ती वर्षं होती. आपण सुखात आहोत हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर आम्ही त्याला वेड्यात काढलं असतं. बाला शेताची काळजी, मायला सटवाईची, मला चापट्यांची. पण घरात रोज कुणीतरी पोट धरून हसायचं, आणि तो हसवणारा एकच होता.

मग मोगलाईतले, म्हणजे हैदराबाद संस्थानातले, ते शेवटचे दिवस आले. बंदुका घेतलेल्या टोळ्या आजूबाजूच्या गावांतून फिरू लागल्या. घरं जळाली, माणसं गेली, लोक गाड्या जुंपून पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात पळू लागले. बानं सीमेपलीकडून आलेल्या, संस्थानाविरुद्ध लढणाऱ्या काही पोरांना शेतात भाकरी दिल्या होत्या आणि त्याची बोंब झाली होती. एक दिवस पोलिसांचा अमीन दोन शिपाई घेऊन आमच्या दारात आला. बा शेतात होता. अमीनानं घराची झडती घेतली, माणसं मोजली आणि अंगणात खेळणाऱ्या पिराजीला दरडावून विचारलं, "तू किसका बच्चा रे?" हा न घाबरता म्हणाला, "खालाचा." शेजारून खैरूनखाला धावत आली आणि "मेरा है साहब, मेरा बच्चा है" म्हणत त्याला पदराखाली घेतलं. अमीन हसला, पिराजीच्या डोक्यावर हात फिरवून निघून गेला. आम्हा दोघांकडे त्यानं ज्या नजरेनं पाहिलं होतं ती मला आजही आठवते.

त्या संध्याकाळी घरात जे ठरलं, ते त्या एका उत्तरावरून ठरलं. बा राहिला असता तर मारला गेला असता. वाटेत गाड्या अडवत होते, लेकरांनाही सोडत नव्हते. पिराजीला पाच वर्षं दिवाळीत पुरी होणार होती. त्याआधी सोबत न्यायचं म्हणजे परत घेतल्यासारखंच, आणि माय त्याला मरू द्यायला तयार नव्हती. खैरूनच्या घरात त्याच्या केसालाही धक्का लागणार नाही, हे अमीनानं स्वतःच दाखवून दिलं होतं. बा पहिल्यांदा नको म्हणाला. मग त्यालाही पटलं. खैरूनखाला रडत होती, पण तिच्या रडण्यात थोडा आनंदही होता, हे मला त्या वयातही कळलं. "दिवाळीला ये सूप घिऊन," ती मायला म्हणाली, "तवर एक दिस बी उपाशी ठिवनार न्हाई." मायनं तिच्या हातात त्याची ताटली दिली. पेरणीच्या तोंडावर, शेत उघडं टाकून, आम्ही निघालो. बाकीचं वर सांगितलंच आहे.

वाशीमला एका लांबच्या नातेवाइकानं गोठ्याची एक बाजू आम्हाला राहायला दिली. वऱ्हाडातली पोरं आमच्या बोलण्याला हसायची. बा दुसऱ्याच्या शेतात रोजानं जाऊ लागला. माय त्या अर्ध्या जात्याकडे बघत बसायची आणि दळण शेजारणीकडे करायची. तरी सांगते, ते तीन-चार महिने वाईट नव्हते. मी आणि ग्यानबानं एक खेळ काढला होता. भाकरी खाताना एकानं म्हणायचं, "आता पिऱ्या काय करायला आसंल?" आणि दुसऱ्यानं सांगायचं. मदारभाईची दाढी विंचरायलाय. खालाला सांगायलाय की त्याला कुणी जेवू घातलं नाही. मायसुद्धा एखाद्या वेळी भर घालायची. "खैरून आता रडकुंडीला आली आसंल. बरं झालं, कळू दे तिला," म्हणायची आणि हसायची. ग्यानबानं बाकडून नवा भोवरा करून घेतला होता. पहिल्यांदा पिऱ्याला हरवायचं आणि मग तो त्याला देऊन टाकायचा, असं त्यानं ठरवलं होतं.

भादव्यात फौजा आल्या आणि मोगलाई संपली. वाशीमला पेढे वाटले. बानं गावभर मिठ्या मारल्या. आम्ही नाचलो. आमचं घर, शेत, गाव सगळं परत मिळणार होतं. आमच्या गावाकडच्या शाळांत जो दिवस झेंडा लावून साजरा करतात तो हाच. मी शाळेत बाई होते तेव्हा दरवर्षी त्या दिवशी रजा टाकायची, आणि हेडमास्तर मला कामचुकार म्हणायचे. म्हणू देत.

मायनं मात्र घाई केली नाही. पाच वर्षं पुरी व्हायला हवी होती. दिवाळी तोंडावर आल्यावर आम्ही निघालो. गाडीत नवं सूप, निवडून पाखडून ठेवलेली ज्वारी, खैरूनखालासाठी खण आणि हिरव्या बांगड्या होत्या. वाटेत माय बोलायला शिकत असल्यासारखी हळूच पुटपुटत होती. मी कान दिला. ती म्हणत होती, "माजा पिराजी. माजा पिराजी." उद्या म्हणायला मिळणार म्हणून सवय करून घेत होती.

आमचं घर जसंच्या तसं होतं. शेजारचं घर नव्हतं. भिंती होत्या, वरचं छत जळून आत पडलं होतं. ओसरीत ओला काळा कापूस. माय गाडीतून उतरलीच नाही, नुसती बघत राहिली. बा घरोघरी गेला. ज्यांनी आयुष्यभर त्याच्याबरोबर तंबाखू खाल्ली होती ते खाली बघत होते. फौजा आल्या त्या चार-आठ दिवसांत आमच्याकडच्या माणसांनी हिशेब चुकते करून घेतले होते. ज्यांनी आमचं वाईट केलं ते टोळीवाले कुठल्या कुठे पळाले, आणि हाती लागले ते पिंजारी, मणियार, रोजगारी. हिशेब चुकते करणाऱ्या त्या टोळक्यांत आमचा मामाही हिंडत होता असं नंतर कळलं. तो आमच्या उंबऱ्यावर परत आला नाही.

कुणी म्हणालं, मदारभाईला ओसरीतच मारलं आणि खैरून पोराला घेऊन मागच्या दारानं निसटली. पुढचं दोन माणसांनी सांगितलं. एक होता मेंढरं राखणारा म्हातारा हटकर. त्यानं नाल्यावर खैरूनला पाहिलं होतं. चार-पाच जणांनी तिला अडवलं. ती ओरडत होती की हे तुमच्यातलंच लेकरू आहे, याला सोडा. म्हणून त्यांनी पोरालाच विचारलं, तू कुणाचा रे? म्हातारा म्हणाला, "पोरगं बोललं, म्या खालाचा." बानं विचारलं, "मंग?" म्हातारा म्हणाला, "मंग म्या मेंढरं हाकीत फुडं गेलो. म्या बगितलं न्हाई, बाबा. बगवलं न्हाई."

दुसरी होती सेलूच्या जिनिंगात कामाला जाणारी एक बाई. त्याच सुमारास सेलूच्या ठेसनावर तिनं एक बुरखेवाली बाई पाहिली होती, कडेवर पोर, पोराचे पाय गुडघ्यापर्यंत लोंबणारे. ती हैदराबादकडच्या गाडीत चढली. चेहरा काही तिनं पाहिला नव्हता.

मायनं दुसरी गोष्ट घेतली. मी पहिली. बानं कुठली घेतली ते मला कधी समजलं नाही. तो वेड्यासारखा नाल्यावर शोधत राहिला, मग परभणी, मग जालना, मग पुन्हा नाला. सगळ्या गावाला हसवणारं ते उत्तर आम्हीच त्याला शिकवलं होतं. आम्हीच त्याला विचारायचो, आम्हीच हसायचो, पुन्हा विचारायचो. त्याला दुसरं उत्तर ठाऊकच नव्हतं. आम्ही एका बाजूनं येणाऱ्या मरणाचा विचार केला, दुसऱ्या बाजूनं आमचीच माणसं येतील हे आमच्या डोक्यातही आलं नाही. यावर मी सत्तर वर्षं विचार करते आहे आणि मला त्यातून कुठलीही वाट सापडलेली नाही. देव, सटवाई, नशीब यांपैकी कुणाशीही माझं बोलणं नाही.

मायनं त्या गावात पाण्याचा घोट घेतला नाही. आम्ही वाशीमला परत आलो आणि इथलेच झालो. बाला पुढे बाजार समितीत हमालांवर मुकादमाचं काम मिळालं. मी ट्रेनिंग कॉलेज करून मास्तरीण झाले, तुझा बाप एसटीत लागला. माणसं म्हणायची, निर्वासित असून किती छान सेटल झालेत. सुतक धरायची वेळ आली तेव्हा मायनं साफ नकार दिला. "दुसऱ्याच्या लेकराचं सुतक आपल्याला कसं?" असं ती म्हणाली. सूप दिलं नव्हतं, म्हणजे तो अजून खैरूनचाच होता. खैरूनचा होता म्हणजे सटवाईला सापडला नव्हता. सापडला नव्हता म्हणजे जिवंत होता. त्या बाईनं ही साखळी अशी घट्ट धरली की कुणी ओढून तोडू शकलं नाही. माझं डोकं फिरायचं. निदान एकदा रड म्हणून मी तिच्यावर ओरडले आहे.

एकदा बानं हैदराबादला जायचं ठरवलं. गाठोडं बांधलं. मायनं दारात आडवं येऊन त्याला थांबवलं. "तिथं न्हाई गावला तर मंग कुटं बगायचं?" बानं गाठोडं सोडलं आणि पुन्हा कधी नाव काढलं नाही. मला तिचा त्या दिवशी इतका संताप आला की मी महिनाभर तिच्याशी बोलले नाही. लेकराला शोधायला जाऊ न देणारी आई कसली, असं मला वाटायचं.

मग तुम्ही नातवंडं आलात आणि तिनं ते सुरू केलं. "आमच्या शेजारी खैरूनचं एक पोरगं व्हतं, पिऱ्या नावाचं, लय वांड." तुम्ही हसायचात, आणखी सांग म्हणायचात. तीही हसायची, अगदी खरं हसायची, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तुझा बाप अशा वेळी उठून बाहेर जायचा आणि अंगणात सायकल पुसत बसायचा. पुसून पुसून त्या सायकलचा रंग गेला. शेजारचं पोरगं म्हणून का होईना, तिला रोज त्याचं नाव घेता येत होतं. शेवटच्या आजारात दवाखान्यात नर्सनं विचारलं, आजी, मुलं किती? ती म्हणाली, दोन. मी पलंगाशी उभी होते. वाटलं, आता तरी तीन म्हण. नाही म्हणाली.

तर विजय, मी हैदराबादला येणार नाही. लिफ्टची भीती नाही, तुझ्या बायकोशी पटत नाही असंही नाही, ते डोक्यातून काढून टाक. दिवाळीत पोरांना घेऊन तूच इकडे ये. त्यांना सांग की पिऱ्या त्यांचा आजोबा लागतो. मग त्यांना हसू येईल की नाही ते मला माहीत नाही.

हटकर खरं बोलला हे मला त्या दिवशीच कळलं होतं. सेलूच्या बाईनं आमच्याकडे बघून दयेपोटी सांगितलं असणार, हेही कळलं होतं. हे कळूनच मी म्हातारी झाले. पण गावची जमीन आम्ही विकली, त्या वेशीपाशी आता पेट्रोल पंप आहे म्हणतात, आणि वाशीमचं हे घर नावावर असूनही मला कधी घर वाटलं नाही. घर म्हणून जे काही माझ्याकडे उरलं ते तुझ्या त्या शहरात आहे. तिथल्या कुठल्याशा गल्लीत पंचाहत्तरीचा एक म्हातारा नातवंडांवर खोटं खोटं ओरडत बसलेला आहे. मी आले तर गल्लोगल्ली फिरेन, फिरल्याशिवाय राहवणार नाही, आणि तो तिथे नसेल. मायनं बाला दारात का अडवलं ते मला आता समजतं. मी येत नाही, तोवर तो तिथे राहतो.